टर्मिनल चार

शिरोलीच्या फाउंड्रीत, वाळूच्या पट्ट्याशेजारी,
पॅनेलचं दार उघडलं की आधी धूळ बोलते.
काळी, मऊ, बेंटोनाइटची.
ड्राइव्हच्या पंख्याला तिनं मिशा काढल्यात.
मी फुंकर मारत नाही, ब्रशनं झाडतो.
एवढं तरी इलाहीचाचांचं ऐकलेलं.

कीपॅडवर हिरवे आकडे: बेचाळीस पूर्णांक शून्य.
म्हणजे पट्टा चालू. म्हणजे सगळं बरं.
फॉल्टची यादी उघडतो.
रिकामी.
आठ महिन्यांत एक नोंद नाही.
इतकी स्वच्छ यादी मी फक्त
खोक्यातून न काढलेल्या ड्राइव्हची पाहिलीय.

इनपुटला दोनच गोष्टी कळतात:
चोवीस व्होल्ट आहेत,
चोवीस व्होल्ट नाहीत.
अर्थ आपण लावून द्यायचा, पॅरामीटरमध्ये, एका आकड्यानं.
एक: चालू. दोन: उलटं. तीन: रीसेट.
चार: बाहेरचा धोका.

चारची वायर पट्ट्याच्या त्या टोकाला जाते,
लाल बटणापर्यंत, जिथं सुरगोंडा अण्णा उभा असतो.
कुणी हात लावत नाही तोवर तिच्यातनं वीज वाहते,
आतल्या खोलीतलं म्हातारं माणूस मधनंच खाकरतं तशी,
आहे मी, आहे.
ती थांबली की ड्राइव्हनं घाबरायचं.
बटण दाबलं तरी थांबते.
उंदरानं कुरतडली तरी थांबते.
हे ज्यानं ठरवलं त्याला ठाऊक होतं,
कुणी गप्प बसलं म्हणजे बरं आहे
असं धरून चालायचं नसतं.

मार्चएंडच्या रात्री उंदरानं ती तोडली.
पुण्याचा ट्रक गेटवर, ड्रायव्हर हॉर्नवर.
मी रीसेट दाबतोय, ड्राइव्ह घेत नाही.
कारण हटल्याशिवाय तो रीसेट घेत नाही.
माणसं घेतात.
शेळके म्हणाले, "वायर उद्या बघ की भावा, आत्ता पट्टा फिरव."
मी चारचा अर्थ बदलला.
एकाच्या जागी शून्य.
आता गप्प म्हणजे बरं.
पट्टा फिरला. यादी पुसली. चहा आला, कागदात भडंग.
उद्या म्हणजे उद्याच म्हणायचं होतं मला.

काल अण्णाचा टॉवेल रोलरनं ओढला.
त्यानं बटण दाबलं.
परत दाबलं.
मग गळ्याची गाठ सोडली.
"तालमीत शिकल्यालं तेवढंच कामाला आलं," म्हणतो,
"धरलंय तितनं निसटायचं.
टॉवेल ग्येला, मान ऱ्हायली.
तुझं बटण काय काम करत न्हाई बघ."
तुझं, म्हणाला.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
मी त्याच्या मानेवरची तांबडी रेघ बघत नव्हतो,
स्क्रूड्रायव्हरचं टोक बघत होतो.

आज नवी वायर, लोखंडी पाइपातनं, दोन्ही टोकांना नंबर.
शून्याच्या जागी एक.
"अण्णा, दाबा!"
पट्टा थांबतो. वरची वाळू क्षणभर उशिरा थांबते.
पडद्यावर अक्षरं लुकलुकायला लागतात.
"दिसलं का?" तिकडनं ओरडतो.
"दिसलं."
तो बटण पिळून सोडवतो, मी रीसेट देतो.
"परत दाबा."
शेळके घड्याळ बघत उभे.
"परत."
पाच वेळा.

यादीत आता पाच ओळी आहेत.
जाताना पुसायची पद्धत आहे,
गिऱ्हाइकाला कोरी यादी आवडते.
मी पॅनेल लावलं, चावी फिरवली, अण्णाकडे दिली.
ओळी आत तशाच.

गेटबाहेर गाडीला किक मारली, मग बंद केली.
आत पट्टा सुरू झाल्याचा आवाज येत होता.
हायवेवरनं ट्रक जात होते, एकामागं एक,
आणि मी त्यांच्यामधनं
तेवढा एकच आवाज धरून उभा राहिलो.